शंभरचा प्लॅन आणि दोन फुटी भिंत

जुलैच्या वीस तारखेला रात्री सव्वानऊ वाजता मी लॅपटॉप मांडीवर घेऊन माजघराच्या उंबऱ्यावर बसले होते. माझ्या खोलीत नेट येत नव्हतं, सोप्यात सासूबाईंची मालिका ऐन रंगात होती आणि तीन जणांचं थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र, भरायचं राहिलं होतं. जीएसटीच्या धंद्यात असलेल्यांना वीस तारखेचं काही सांगायला नको. एक दिवस उशीर म्हणजे पन्नास रुपये, निल असेल तर वीस. रक्कम छोटी, पण अशील ती आपल्याकडूनच वसूल करतो. शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. वर्षभर ज्या पोर्टलला मी शिव्या घालत होते ते झरझर उघडलं आणि मी ओशाळले.

आमचं घर कोल्हापूरच्या जुन्या पेठेतलं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी परड्याकडची खोली. तिथे माझं टेबल. भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, चांगल्या दोन फूट जाड. एप्रिलमध्येही दुपारी पंखा लागत नाही, हे आम्ही येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. नेटचा पांढरा डबा मात्र सोप्यात, टीव्हीमागे, लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात. वरून सासूबाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल. रुमालाने लहरी अडत नाहीत, पण डबा हात लावता येणार नाही इतका तापायचा.

केबलवाल्याच्या पोराला बोलावलं. त्याचे वडील आमच्या गल्लीत टीव्हीची केबल घेऊन आले होते, आता हा फायबर बघतो. त्याने आपला लॅपटॉप वायरने डब्याला जोडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ९४. "वहिनी, लाइन ओके हाय बघा. तुमच्या वायफायचाच लोचा हाय." एमबीपीएस हे नेटच्या वेगाचं माप, आणि शंभरच्या प्लॅनवर ९४ म्हणजे बोलायला जागाच नाही. (हा ९४ चा आकडा पुढे परत भेटणार आहे.)

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, खिडकी लावली की जातंय ते." हे त्या जूनपासून म्हणत होत्या. मी आणि लेक हसायचो. आता पोरगाही हसला. आठवड्याने वळवासारखी सर आली. त्यांनी उठून सोप्याची खिडकी ओढून घेतली, कडी घातली आणि डब्यावर लाल दिवा लागला. कडी काढली, दिवा हिरवा. चारदा करून पाहिलं. फायबर खिडकीच्या चौकटीच्या फटीतून आत घेतलेली होती आणि झडप लावली की ती करकचून दुमडायची. काचेच्या त्या तंतूतून उजेड वाहतो. तो फार वाकला की उजेड बाहेर सांडतो. पोरगा मीटर घेऊन परत आला तेव्हा खिडकी उघडी असताना उणे २१ आकडा दिसला, लावल्यावर उणे २८. यात दर तीनाला उजेड निम्मा होतो. म्हणजे खिडकी लावली की पाचवा हिस्साच उरत होता आणि असल्या डब्यांना साधारण उणे २७ च्या खाली वाचणं जड जातं. त्याने चौकटीला भोक पाडून वायर गोल वळण देऊन आत घेतली. जाता जाता सासूबाईंना "मावशी, तुम्हीच या की आमच्याकडं कामाला," म्हणाला. दोन दिवस त्या हेच सांगत होत्या.

नेट तुटायचं थांबलं, पण मागच्या खोलीत रखडायचं थांबलं नाही. इथे मला उपयोगी पडली ती फुकटातली पिंगची आज्ञा. लोक सगळ्यात आधी स्पीड टेस्ट लावतात. तिच्यात घर, गल्ली, केबलवाला आणि पुढचं जग सगळं एकत्र कालवलेलं असतं. त्याऐवजी कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) पिंग लिहून पुढे आपल्याच राउटरचा, म्हणजे त्या पांढऱ्या डब्याचा, पत्ता द्यायचा. आमच्याकडे १९२.१६८.१.१. म्हणजे आधी घरच्याच दाराची कडी वाजवून बघायची. सोप्यात बसून उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत. माझ्या टेबलावरून ४०, ३१०, ८५, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट", म्हणजे वेळेत उत्तरच नाही. माझी विनंती घराच्या बाहेरच पडत नव्हती, माजघरातच धापा टाकत होती.

कारण त्या भिंती. तो पांढरा डबा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालणारा. या लहरी लांब जातात, भिंतीही थोड्याफार ओलांडतात, पण त्या पट्ट्यात गर्दी फार. शेजारच्यांचे राउटर, ब्लूटूथ, शिवाय मायक्रोवेव्हही तिथेच. आमचा ओव्हन नेमका वाटेत, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. लेक दूध गरम करायला लागली की माझा व्हिडिओ कॉल गोठायचा. मोबाइलवरच्या एका फुकट ॲपने आसपासची १७ वायफाय दाखवली, त्यातली निम्मी सहा नंबरच्या चॅनलवर, आमचंही तिथेच. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: एक, सहा, अकरा. मी अकरा निवडला, डबा बेचक्यातून काढून कपाटावर ठेवला, रुमाल घडी करून बाजूला. मागच्या खोलीत वेग ६ चा १५ एमबीपीएस झाला. खर्च शून्य.

इथे थांबायला हवं होतं. पण मी नवा राउटर आणायला राजारामपुरीत गेले.

दुकानातला म्हणाला, "सहा अँटेनावाला न्या ताई, भिंत फोडून जातंय." खोक्यावर एएक्स ३००० लिहिलेलं. मी बिलं वाचून पोट भरणारी बाई, म्हणून बारीक अक्षर वाचलं: ५ गिगाहर्ट्‌झवर २४०२, २.४ वर ५७४, दोन्हींची बेरीज करून आकडा गोल केलेला. मुलीच्या स्थळाला नवरा-बायकोचा पगार एकत्र करून सांगावा तसलाच प्रकार. शिवाय तेही कागदावरचे आकडे, हाती पडतात त्याहून बरेच कमी. आणि ५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा वेगवान असला तरी भिंतीपुढे २.४ पेक्षा लवकर हात टेकतो. अँटेना कितीही लावा, किती ताकदीने ओरडायचं याला सरकारी मर्यादा आहे. हे सगळं कळत होतं, तरी तो घेतला. पाच हजार दोनशे. सोप्यात लावल्यावर सोप्यात नेट असं काही पळालं की बस्स. मागच्या खोलीत ५ चं नावही दिसेना, २.४ वर २२. म्हणजे पाच हजार दोनशे रुपयांत सात एमबीपीएस.

रिपीटर घ्या, असं दिरांनी सुचवलं. स्वस्तातला रिपीटर ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर पुढे बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि जिथे मुळात पंधरा-वीसच पोचतात तिथे त्याने तरी काय पुढे सांगायचं? मग आमच्या वायरमनने जे सांगितलं तेच केलं. पंचवीस मीटर कॅट-सिक्स, म्हणजे नेटची वायर, अस्सल तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही तशीच दिसते आणि स्वस्त मिळते, ती घेऊ नका. वायर सोप्यातून माळ्यावरून, माजघराच्या झरोक्यातून, जुन्या लँडलाइनच्या भोकातून थेट माझ्या टेबलापर्यंत. सहा अँटेनांचा राउटर दुकानदाराने कुरकुरत परत घेतला आणि त्याच्या बदली साधा एएक्स १५०० वाला दिला. मी तीनच गोष्टी बघितल्या: दोन्ही पट्टे, मागचे सगळे पोर्ट (वायर खोचायची भोकं) गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचे, आणि ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरने आलेलं नेट नुसतं वायफायने पसरवायला, चालायची सोय. तो माझ्या खोलीत भिंतीला टांगला. दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड तोच ठेवला, म्हणजे फोन घरात फिरताना बहुतेक वेळा आपणच जवळचं पकडतो. माझ्या टेबलावर ९४. ऑगस्टची वीस तारीख दुपारी चारलाच संपली.

दिवाळीत लेकीच्या हट्टापायी प्लॅन दोनशेचा केला. टेस्ट लावली, ९४. दुसऱ्या दिवशी, ९४. केबलवाल्याचं पोरगं फोनवर शपथ घेत होतं, "वहिनी, मी २०० सोडलंय." सोप्यात त्याच्या लॅपटॉपवर खरंच १९५ आले. मग मला तो आकडा खुपायला लागला. वेग कमी-जास्त होतो, असा एका जागी खिळून बसत नाही. ९४-९५ म्हणजे शंभराच्या जोडणीतून पाकिटांवरचे पत्ते वगैरे वजा जाऊन हाती उरतो तो आकडा. वाटेत कुठेतरी शंभराचा दरवाजा होता. आधी वायरवर संशय घेतला. गिगाबिटला आठही तारा लागतात, शंभराला चारच पुरतात, एखादी नीट दाबली गेली नसेल. टेस्टर लावला, आठही दिवे लागले. मग पांढऱ्या डब्याच्या मागे टॉर्च मारला. दोन पोर्ट, दिसायला जुळी भावंडं. एकाखाली जीई, दुसऱ्याखाली एफई. जीई म्हणजे गिगाबिट, एफई म्हणजे शंभर. वायरमनने पहिल्यात टीव्हीचा बॉक्स लावला होता, माझी वायर दुसऱ्यात. अदलाबदल केली. १९१. टीव्हीला पंचवीसही भरपूर होतात, त्याची तक्रार आली नाही.

सासूबाईंनी आता नव्या राउटरसाठी रुमाल विणायला घेतलाय. परवा टेप घेऊन माप घ्यायला आल्या होत्या. मी एवढंच म्हटलं, बाजूच्या फटी मोकळ्या राहतील असा करा. त्या म्हणाल्या, "आणि ह्या शिंगांना भोकं ठेवू का?"