पुरुमेंतातले रोबो

मे सरत आला की गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, धांदल उडते. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, चिंच, सगळं अंगणात उन्हाला पडतं आणि तिथून डब्या-बरण्यांत जातं. आईचा हिशोब सरळ आहे: मिरगाच्या आधी ज्याने ऊन पाहिलं नाही, ते पावसात गेलंच म्हणून समजा. गेल्या वर्षी बांगड्यांवरचे कावळे हाकता हाकता तिने मलाही हाक मारली, "तुज्यो बावल्यो हाड रे, तांकांय वत दी."

वत म्हणजे ऊन, आणि बाहुल्या म्हणजे माझे रोबो. मी पतसंस्थेत नोकरी करतो, चष्म्याचा नंबर वाढत चालला आहे, आणि माझ्या खोलीतल्या काचेच्या कपाटात कपडे नाहीत. जपानी कार्टूनमधले, विमानाचे नाहीतर गाडीचे माणूस होणारे रोबो आहेत आणि स्वतः जोडायचे काही आहेत.

आता आईला कसं सांगायचं, की ऊन हेच त्यांचं विष आहे? उन्हातल्या अतिनील किरणांनी पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, जुन्या पोथीच्या पानासारखं. आणि दमट हवेत ठेवावं तर जस्ताच्या भागांवर पांढरी भुकटी धरते, रबराची चाकं चिकट होतात, स्टिकर कडेने सुटून वर वळतात. ऊन नको, दमट हवा नको. गोव्यात एवढं वजा केलं तर मागे उरतं काय? कपाट. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. नवीन चपला, पर्स, औषधाच्या बाटल्या, जिथून निघेल तिथून मी त्या जमवतो. आमच्या संस्थेतल्या बायका आता न सांगता माझ्या टेबलावर आणून ठेवतात. "तुमच्या बाळांना," म्हणतात. या पुड्यांतले दाणे ओलसर झाले की मी बाहेर काढून तव्यावर मंद शेकतो. त्या तव्यावर घरात दुसरं काही करायला बंदी आहे, ही माझ्या बायकोची अट.

पहिला रोबो मला १९८६ साली मिळाला, आणि तो रोबो आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. शेजारचे अंकल तारवटी. बोटीवरून सुट्टीला आले की वाड्यावरच्या पोरांना काहीबाही वाटायचे, बहुधा चॉकलेटं. त्या खेपेला त्यांची बोट जपानच्या बंदराला लागली होती. माझ्या वाट्याला एक पांढरं लढाऊ विमान आलं, आत कुठेतरी धातू असल्यामुळे हाताला चांगलं जड लागणारं. आठवडाभर मी ते विमान म्हणूनच उडवलं. मग एका दुपारी चाक बाहेर येतं का बघायला खालचा भाग ओढला आणि कट्‌कन आवाज होऊन विमानाला पाय फुटले.

मला वाटलं, मोडलं. मी ते पलंगाखाली ढकललं आणि रात्री जेवलो नाही.

बाबा खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांनी विमान बाहेर काढलं, दिव्याखाली धरलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "मोडलेलं नाही हे. असंच केलेलं आहे." मग एकेक सांधा अंगठ्याने चाचपत त्यांनी बाकीचं शोधून काढलं. शेपटीकडचे पाय पुढे आणून नाकाच्या दोन बाजूंना बसवले. पाठ दुमडली. वैमानिकाच्या काचेवर एक झाकण सरकलं आणि तिथे छाती झाली. पोटाखाली लपलेलं डोकं वर आलं, दोन पायांच्या मध्ये दडवलेले हात बाहेर निघाले. इंजिनाची तोंडं होती ती पावलं झाली. एक तुकडा काढावा लागला नाही, एक लावावा लागला नाही. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, "ज्याने केलं त्याचा हात बसलेला आहे."

ज्याने केलं त्याचं नाव शोजी कावामोरी, हे मला वीसेक वर्षांनी कळलं. १९८२ साली जपानच्या टीव्हीवर आलेल्या 'मॅक्रॉस' मालिकेतलं ते व्हीएफ-१ व्हॅल्किरी. रूपं दोन नाहीत, तीन: विमान, माणूस आणि मधलं 'गेरवॉक', म्हणजे पंख नि नाक विमानाचं आणि खाली गुडघ्यात मुडपलेले पाय. बघणाऱ्याला हे मधलं रूप कुरूप वाटतं. कापायच्या आधी पाय बांधून धरलेल्या कोंबडीसारखं दिसतं, असं माझी बायको म्हणते. मला मात्र तेच जवळचं, आणि त्याला कारण दाबोळी आहे. आमची मावशी वास्कोला राहायची. १९८३ मध्ये नौदलाची सी हॅरियर विमानं दाबोळीला आली होती, आणि मावशीच्या गच्चीवरून ती कधीमधी दिसायची. भरधाव येणारं विमान हळूहळू मंदावत हवेत जवळजवळ थांबायचं, नळकांडी खाली वळवून, कानठळ्या बसवत. बाकीच्या पोरांना ते विमान दिसायचं. मला त्याचे गुडघे दिसायचे.

बाबांना या सगळ्यात एकच विनोद सापडला आणि तो त्यांनी चाळीस वर्षं पुरवला. आमच्या भागातलं लोहखनिज ट्रकांनी धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जने मांडवीतून मुरगावला आणि मुरगावहून बोटीने जपानला जायचं. तेव्हा नवा रोबो घरात आला की ते म्हणणार, "आमचीच माती. रंग लावून परत पाठवली." मी एकदा शहाणपणाने सांगायला गेलो, की यात लोखंड नसतं, जस्ताचा मिश्रधातू असतो. १९७४ साली पोपी कंपनीने 'माझिंगर झेड'चे असे धातूचे रोबो काढले आणि त्यांना 'चोगोकिन' म्हटलं, म्हणजे महामिश्रधातू. कथेत तो धातू फुजी पर्वताखाली सापडणाऱ्या खनिजापासून बनतो. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "म्हणजे तिथेही खाण आहेच की!" त्या दिवसापासून चोगोकिनला त्यांच्या लेखी थोडी इज्जत आली.

पुढे अमेरिकेतून ट्रान्सफॉर्मर्सची लाट आली. त्यांची मुळंही जपानचीच आहेत. ताकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या दोन मालिकांमधली खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने उचलली आणि १९८४ मध्ये नवी नावं देऊन विकली. या देवघेवीत एक गोष्ट हरवली, आणि तिची मला अजून चुटपुट लागते. डायाक्लोनच्या गाड्यांत बसवायला बोटाच्या पेराएवढा माणूस मिळायचा, कारण जपानी गोष्टीत रोबो हे चालवायचं यंत्र होतं. अमेरिकेने तो माणूस काढून टाकला आणि यंत्रालाच जीव दिला. खपाच्या दृष्टीने बरोबरच केलं असेल. पण दशावतारात मुकुटाखाली आपल्या ओळखीचा माणूस घामाने निथळत असतो म्हणून तर बघायला मजा येते. आत कुणी नसेल तर तो नुसता मुकुट.

जोडायच्या किटकडे मी उशिरा वळलो. हात भरलेले होते, खिसा रिकामा होता, आणि तयार रोबोपेक्षा किट स्वस्त पडतं असं कुणीतरी सांगितलं. (पडत नाही. एक घेतलं की तीन येतात.) या प्रांतात राज्य 'गंडम'चं. १९७९ ची ती मालिका चालली नाही म्हणून ५२ भागांची ४३ वर आटोपली. मग जुलै १९८० मध्ये बंदाई कंपनीने ३०० येनला तिच्यातल्या रोबोचं प्लास्टिकचं किट काढलं आणि मेलेली गोष्ट उठून बसली. गोष्टीतला गंडम १८ मीटर उंच. १/१४४ प्रमाणात तो साडेबारा सेंटिमीटर होतो, आणि त्याच मापाने मी उकड्या तांदळाचे दोन दाणे एकावर एक ठेवावेत एवढा.

डबा उघडला की आत चौकटीच्या चौकटी निघतात, आणि प्रत्येक तुकडा बारीक देठाने चौकटीला चिकटलेला असतो. माझ्या डोळ्यांसमोर दर वेळी चतुर्थीची माटोळी येते. तिथेही लाकडी चौकटीला फळं एकेक करून बांधलेली. तुकडा निपरने, म्हणजे बारीक कापणीच्या पकडीने, तोडायचा, पण एका फटक्यात नाही. आधी देठ लांब ठेवून, मग जवळून. घाई केली की गडद प्लास्टिकवर पांढरा वळ उठतो आणि तो आयुष्यभर तुमच्याकडे बघत राहतो. उरलेला कण पॉलिश पेपरने घासायचा. डिंक लागत नाही, तुकडे एकमेकांत दाबून बसतात, आणि नीट बसला की 'टिच्‌' असा आवाज येतो. हा आवाज ऐकण्यासाठीच मी हे करतो, बाकी कारणं पाहुण्यांना सांगायला. एखादा तुकडा निपरमधून उडाला तर मात्र घरातली सगळी माणसं ओणवी होऊन मोझॅकच्या लादीवर हात फिरवतात. त्या लादीचे ठिपके कुणी काढले त्याला माझ्याविषयी काय राग होता, कळत नाही.

आणि एक चूक, जी करायला गोव्यातच राहावं लागतं. शेवटी प्लास्टिकची चकाकी घालवण्यासाठी मॅट लाखेचा फवारा मारतात. मला धीर नव्हता, श्रावण होता, पाऊस तासभर थांबला होता. महिनाभर खपून केलेल्या गडद निळ्या रोबोवर मी फवारा मारला आणि हवेतली ओल त्या लाखेत अडकली. पाच मिनिटांत तो डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक. भस्म फासलेला गोसावी जणू. आईने बघून हात जोडले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर फवारे बंद. त्या दिवसांत मी फक्त डबे विकत घेतो.

ते डबे हा वेगळा विषय. विकत घेऊन न जोडलेल्या किटच्या ढिगाला जपानी लोक 'त्सुमिपुरा' म्हणतात, म्हणजे शब्द आहे त्या अर्थी आजार पसरलेला आहे. माझा ढीग माळ्यावर आहे, एकोणीस डब्यांचा. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०, तरी ढीग थांबला नाही. फक्त घरात सांगायची किंमत मी जुन्या दराने सांगतो.

माझ्या या विद्वत्तेवर भाच्याचा विश्वास आहे, हेच चुकलं. योकोहामात २०२० ते २०२४ खराखुरा १८ मीटरचा हलता गंडम उभा होता. त्याचा व्हिडिओ मोबाइलवर दाखवून भाचा म्हणाला, "मामा, आमच्या नरकासुराचा हात असा हलला पाहिजे." दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्यासाठी वाड्यावरची पोरं महिनाभर लोखंडी सळ्या, गवत, कागद यांच्याशी झटत होती. मी कोपराचा सांधा कागदावर काढून दिला, चांगले तीन बाजूंनी. रात्री दोन वाजता ढोल-ताशांत नरकासुराने हात वर केला, पुन्हा केला, आणि तिसऱ्या खेपेला मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग तलवारीसकट खाली आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं कृष्णाने तोडला. पहाटे तो जळला. महिनाभराचं काम, आणि एकाच्याही चेहऱ्यावर हळहळ नाही! मी रिकामे डबेसुद्धा टाकत नाही. राखेतून त्यांनी सळ्या तेवढ्या उपसून पुढच्या वर्षासाठी बाजूला ठेवल्या.

खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. बाबा त्याआधीच निवृत्त झाले होते, पण रस्त्यावर ट्रक नाहीत याची सवय व्हायला त्यांना वेळ लागला. गेल्या पावसाळ्यात तारवटी अंकलनी दिलेल्या त्या विमानाचा उजवा पाय माझ्या हातात आला. सांध्यातली पोलादी पिन गंजून तुटली होती. मी इंटरनेटवर सुटा भाग शोधत बसलो. बाबांनी सायकलची जुनी तार घेतली, कानस घेतली आणि पडवीत बसले. हात आता थरथरतो, म्हणून मनगट गुडघ्यावर टेकवून घासत होते. घासायचे, बोटांत फिरवून बघायचे, परत घासायचे. दुपारच्या चहापर्यंत पिन बसली.

मग ते विमान परत घडवायला लागले. पाय मागे गेले, हात आत गेले, आणि तिथे अडकले. पुढचं आठवेना. मी हात पुढे केला, तो त्यांनी कोपराने बाजूला सारला. थोडा वेळ बघितलं, आणि होतं तसंच उचलून रेडिओच्या शेजारी ठेवलं. "रावूं दी तसोच."

तेव्हापासून ते तिथेच आहे, गुडघे मुडपून, पंख पसरून, सिलिका जेलशिवाय. जागा फार व्यापतं म्हणून आई पुसताना त्याचे पंख मिटते. बाबा बातम्या लावायला येतात तेव्हा पुन्हा उघडतात.