बादली

आई अजून त्याबद्दल काही बोललेली नाही. मीही विचारलेलं नाही. शेतावर तंबूत सुट्टी घालवून येताना गाडीत ती सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होती. दादाने गाणी लावली आणि थोड्या वेळाने आपणच बंद केली. घरी आल्यापासून सगळं नेहमीसारखं चाललंय, पण माझ्या डोळ्यांपुढून तो एक क्षण हलत नाही. शेत-गोठा बघणाऱ्या त्या ताईंनी आईच्या हातातली दुधाची बादली घेतली, तो.

घेतली म्हणजे ओढून वगैरे नाही, हसूनच घेतली. "अहो काकू, तुम्ही पाहुण्या. बसा निवांत, मी आहे ना!" आणि आई उठली. इतक्या पटकन उठली की माझ्याच पोटात कालवलं.

आदल्या संध्याकाळी मुलांना धार काढून दाखवण्याचा कार्यक्रम होता. रांगेत उभं राहायचं, एकेकाने पुढे होऊन सडाला हात लावायचा, आईबापांनी फोटो काढायचे. छोटीला तर हात काढावासाच वाटेना. आई तिकडे फिरकलीच नाही. म्हटलं, दमली असेल. पहाटे अंधारात तंबूच्या चेनचा आवाज झाला तेव्हा मला जाग आली. तिच्या मागोमाग गोठ्यापर्यंत गेले तर ही कडेच्या गायीपाशी उकिडवी बसलेली. कास धुऊन झाली होती. बादली गुडघ्यांत. गुडघे दुखतात म्हणून जी बाई जमिनीवर बसत नाही, ती. मी दारातच थांबले. जमीन गेली त्या वर्षानंतर मी तिला असं बसलेलं पाहिलंच नव्हतं. आणि तेवढ्यात ताई आल्या.

मला रडू का येत होतं ते तेव्हा कळलं नाही. आता थोडं कळतंय, पण सगळं नाही.

कारण हे सगळं मी तिच्यासाठी ठरवलं होतं. नुसतं हिरवळीवरचं हॉटेल नको, खरोखर कसणारं कुटुंब हवं, जनावरं हवीत, म्हणून किती शोधलं. तंबू असला तरी तिला खाली झोपावं लागू नये म्हणून पलंग, गाद्या, आत लाकडाची शेगडी असलेला घेतला. आणि कुणाला काय त्याचं? वहिनीला संडास लांब पडला. दादाचं कोंबड्यावरून डोकं फिरलं, उजाडायच्या कितीतरी आधी आरवतो म्हणून. आता कोंबडा सूर्य बघून थोडाच आरवतो! त्याच्या शरीरातच घड्याळ असतं. जपानमधल्या संशोधकांनी २०१३ साली ते दाखवून दिलंय. बाजूच्या तंबूतल्या लोकांनी तर रीतसर तक्रार केली. फ्रान्समधल्या ओलेरों बेटावर मॉरिस नावाच्या कोंबड्यावर असाच खटला झाला होता. शेजारी सुट्टीसाठी घर घेतलेलं जोडपं कोर्टात गेलं. २०१९ साली निकाल मॉरिसच्या बाजूने लागला आणि २०२१ मध्ये तिथे खेड्यातले आवाज आणि वास जपण्यासाठी कायदाच झाला. हे मी दादाला सांगितलं तर म्हणाला, झोपू दे.

सगळ्यांच्या आधी आई उठलेली होती. तिने कोंबड्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

तिला तंबूही आवडला असावा. रात्री पाऊस आला तेव्हा छोटी कापडाला आतून बोट लावायला निघाली, तर आई म्हणाली, नको, जिथे हात लागेल तिथून झिरपतं. सुती कापड ओलं झालं की धागे फुगून भोकं बुजतात, आतून स्पर्श झाला की तिथून पाणी वाट काढतं. ही सूचना भिंतीवरच्या कागदात होती, पण आईने कागद वाचलाच नव्हता. तिला ते कुठून माहीत, हे मी विचारायला हवं होतं. अण्णांच्या खळ्यावरची ताडपत्री असेल.

परत बादलीकडे. ताईंची बाजू मला कळते, खरंच कळते. गोठ्याच्या तोंडाशी बूट बुडवायला जंतुनाशकाचं घमेलं ठेवलं होतं, कारण लाळ्या-खुरकूत ही जनावरांची साथ माणसांच्या पायांनीही एका गोठ्यातून दुसऱ्यात जाते. मुलांनी जनावरांना हात लावला की साबणाने धुवायचे, नुसतं सॅनिटायझर चालणार नाही, हे त्या पुन्हा पुन्हा बजावत होत्या. आणि अनोळखी हात लागला, गाय बिचकली, की पान्हा चोरते. भीतीने पान्हा सुटणंच थांबतं. उरलेलं दूध कासेत राहतं आणि पुढचा त्रास त्या बाईला. बारा तासांच्या अंतराने दोन धारा, घरात लग्न असो की मयत. त्यात आमच्यासारखे पाहुणे. इटलीने १९८५ साली शेतावरच्या पर्यटनाचा कायदा केला त्यात शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, पाहुणे त्याला जोड म्हणून, अशी अट घातली. किती शहाणी अट आहे. गाईला आधी बघायचं, मग आम्हाला.

हे सगळं पटतं. तरीही वाटतं, आईला 'पाहुण्या' म्हणायला नको होतं. इतर काहीही म्हणायचं. गोठ्यात तरी नको.

मग रात्री बसून शोधत राहिले, कुठे पाहुण्याला काम करू देतात का. तशी सोय आहे आणि जुनीही आहे. लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड या बाईने १९७१ साली सुरू केली. शनिवार-रविवार शेतावर राबायचं आणि त्या बदल्यात राहायची सोय. 'वूफ' म्हणतात तिला, आता पुष्कळ देशांत पसरली आहे. सकाळी आईला उत्साहाने वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्याकडे त्या पोरीचा नंबर आहे ना?"

मला वाटलं, आता निघणार सगळं.

"तिला म्हणावं, त्या कडेच्या गायीचं मागचं डावं सड बघ. हाताला कडक लागलं, गरमही होतं. पहिल्या धारा काळ्या भांड्यात घे म्हणावं, गाठी दिसतात का बघ. दगडी, म्हणजे कासेची सूज असली तर बाकीच्या गायींनंतर तिची धार काढायची, आणि हात धुवायचे."

म्हणजे गाडीत ती हे घेऊन बसली होती! मी विचारलं, तिथेच का नाही सांगितलंस? तर म्हणे, खात्री नव्हती, एवढाच तर हात लागला होता. खात्री नसताना दुसऱ्याच्या जनावराला नाव ठेवू नये. घरी येऊन आठवून आठवून बघितलं, तेव्हा खात्री झाली.

मी निरोप पाठवला. थोडं चाचरतच, कारण तक्रार वाटायला नको. दुपारी ताईंचा फोन आला. गाठी निघाल्या होत्या, डॉक्टर येऊन गेले होते. एरवी त्या गायीला मशिन लावतात, त्यामुळे लक्षात आलं नव्हतं. "काकू आहेत का?" म्हणाल्या.

फोन दिला. आई आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. मला तुकडेच ऐकू येत होते. आधी "तुम्ही" होतं, मग "अगं" झालं. मग कुठल्याशा खोंडाची गोष्ट, जी मी जन्मात ऐकली नव्हती. जमिनीचा विषयही निघाला असावा, कारण मध्येच ती बराच वेळ गप्प होती. त्याबद्दल आमच्याशी ती बोलत नाही. त्याचं मला वाईट वाटलं, आणि मग वाटलं, असू दे. गोठा असलेल्या माणसाशीच बोलता येत असेल.

हंगाम संपून तंबू उतरले की ये, असं ताईंनी तिला सांगितलंय. एकटीला. छोटी विचारतेय, तंबूच नसेल तर आजी झोपणार कुठे. आईला त्याची फिकीर नाही. दुसरी गाय गाभण आहे म्हणे, आणि भरल्याची तारीख ताईंना नीट सांगता आली नाही, म्हणून ती कॅलेंडर काढून बोटांवर नऊ महिने मोजत बसली आहे.