उलटी : शून्य

केमोचं औषध अजून लावलंच नव्हतं. नळी मोकळी आहे ना ते बघायला मी त्या मुलाच्या पोर्टमधून, म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेल्या कुपीतून, फक्त दहा मिलिलिटर सलाइन सोडत होते. निम्मं गेलं असेल-नसेल, तो कुशीवर वळला आणि भडभडून ओकला. पोटात काही उरलं नाही तरी कोरडे उमाळे येतच राहिले. पाठ चोळता चोळता आईनं माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, अजून तर काहीच दिलं नाही ना हो तुम्ही?"

मुलांच्या केमो वॉर्डात मला बरीच वर्षं झाली आहेत. औषधाआधीच उलटी होणारी मुलं मी पाहिली आहेत. त्या सकाळी मात्र माझ्या पोटात खड्डा पडला. या मुलाच्या आधीच्या दोन्ही सायकलींना, म्हणजे केमोच्या फेऱ्यांना, मीच ड्यूटीवर होते आणि दोन्ही वेळच्या चार्टवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'उलटी : शून्य'.

बारा वर्षांचा मुलगा. गुडघ्याजवळच्या हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा. औषधं सिस्प्लाटिन आणि डॉक्सोरुबिसिन. उलटी करवण्यात सिस्प्लाटिन सगळ्यांत जहाल औषधांपैकी एक, म्हणून त्याच्या आधी उलटी रोखणारी तीन औषधं एकदम देतो : ऑनडान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि अ‍ॅप्रेपिटंट. तिन्ही का लागतात हे नव्या सिस्टरना मी नेहमी समजावते. केमोनं आतड्याच्या पेशी दुखावल्या की सेरोटोनिन सुटतं आणि पहिल्या दिवसाची उलटी मुख्यतः त्यानं होते. तिथं ऑनडान्सेट्रॉन चांगलं काम करतं. पण सिस्प्लाटिनची दुसरी लाट उशिरा येते. २४ तासांनंतर सुरू होते, ४८ ते ७२ तासांत चढते आणि तिच्यामागे मेंदूतला 'सबस्टन्स पी' नावाचा पदार्थ असतो. तिथं ऑनडान्सेट्रॉन तोकडं पडतं, अ‍ॅप्रेपिटंट लागतं, तेही तीन दिवस. म्हणजे आमचा चार्ट जिथं संपतो, तिथं या मुलांचा खरा त्रास सुरू होतो. हे मी दुसऱ्यांना शिकवत होते.

सलाइन थांबवलं, उलटी धरायचा किडनी ट्रे बाजूला नेला, खाटेशी बसले आणि आईला विचारलं, "मागच्या वेळी घरी गेल्यावर कसं होतं?"

"दुसऱ्या रात्रीपासून सुरू झालं. पाणीसुद्धा टिकत नव्हतं. केमोत हे व्हायचंच म्हणून आम्ही कळवलं नाही."

"आणि त्या अ‍ॅप्रेपिटंटच्या कॅप्सूल?"

उत्तर मुलानं दिलं. "मी थुंकून टाकायचो. गिळताच येत नाहीत. घशात चिकटतात."

"इथं दिलेली पण?"

त्यानं मान हलवली. पहिल्या दिवशीची कॅप्सूल मीच त्याच्या हातात ठेवली होती, पाणीही दिलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या खाटेचा पंप वाजला आणि मी वळले. परत आले तेव्हा पेला रिकामा होता. मी बरोबरची खूण केली.

हे नुसतं एक औषध चुकणं नव्हतं. अ‍ॅप्रेपिटंटमुळे शरीरात डेक्सामेथासोनची पातळी वाढते, म्हणून त्याच्यासोबत डेक्सामेथासोनचा डोस निम्मा करतात. या मुलाचाही केला होता. म्हणजे अ‍ॅप्रेपिटंट पोटात गेलं नाही आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिळालं तेही अर्धंच. दोन सायकली त्यानं तशाच काढल्या.

मळमळ मोजायला पेनॅट नावाचं एक साधन आहे. ४ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी चार चेहरे, अजिबात मळमळ नाही इथपासून अतिशय मळमळ इथपर्यंत. ते कपाटात होतं. लहान मुलांना दाखवायचो. हा मोठा, समंजस, विचारलं की "बरं आहे" म्हणणारा. मी कागद त्याच्यासमोर धरला आणि विचारलं, "पहिल्या वेळी, इथं वॉर्डात असताना?" त्यानं चौथ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"पण तेव्हा उलटी नव्हती झाली."

"नव्हती झाली. आता होईल, आता होईल असं वाटत होतं. रात्रभर."

तो रात्रभर निश्चल पडून होता हे मला आठवत होतं. शांत झोपलाय असं मी ड्यूटी बदलताना सांगितलं होतं.

डॉक्टर आल्या, सगळं ऐकलं. नळीतून सलाइन जाताना बऱ्याच मुलांच्या नाकातोंडात एक विचित्र वास-चव येते. दोन वेळा तिच्यामागून भयंकर मळमळ आली, तिसऱ्या वेळी त्याच्या शरीरानं वाट पाहिली नाही. अशा शिकलेल्या उलटीवर नेहमीची औषधं फारशी चालत नाहीत. त्यांनी लोराझेपाम या मन शांत करणाऱ्या औषधाचा छोटा डोस लिहिला, पुढच्या वेळी तो आदल्या रात्रीही द्यायचं ठरलं. अ‍ॅप्रेपिटंट पातळ स्वरूपात, वजनाप्रमाणे. आणि तासभर थांबायचं.

त्या तासात मी त्याची खाट खिडकीशी हलवली आणि किडनी ट्रे नजरेआड ठेवला, पण हाताला लागेल असा. आईनं त्याच्या आवडीचं खाणं करून आणलं होतं; ते आज देऊ नका, असं मी म्हणाले. तिला वाईट वाटलं, म्हणून कारण सांगितलं. १९७८ मध्ये इलीन बर्नस्टाइन या संशोधिकेनं केमोच्या आधी मुलांना एका नव्या चवीचं आइस्क्रीम दिलं होतं, आणि पुढे त्या मुलांनी नेमकं तेच नको म्हटलं. आवडीची चव अशा दिवशी पणाला लावू नये. आईनं डबा पिशवीत परत ठेवला.

मग त्याला विचारलं, तुला काय आवडतं? बुद्धिबळ. मला त्यातलं फारसं येत नाही, तसं सांगितलं. तोंडात एक आंबट गोळी ठेवून तो मला घोड्याची चाल शिकवू लागला. पट नव्हता, सगळं डोळे मिटून. अडीच घरं, मधली मोहरी ओलांडून. "आता तुमचा उंट कुठं आहे?" मी चुकीचं घर सांगितलं, तो चिडला, आणि त्याच्या पाठीमागून मी सलाइन अगदी हळू, थेंबाथेंबानं सोडत राहिले. एकदा त्यानं आवंढा गिळला. मी हात थांबवला. "सांगा ना, उंट," तो म्हणाला.

दहा मिलिलिटर जायला सात-आठ मिनिटं लागली. उलटी झाली नाही.

अ‍ॅप्रेपिटंट त्यानं सिरिंजमधून घेतलं. तोंड उघडून दाखवेपर्यंत मी तिथून हलले नाही. पलीकडचा पंप वाजला तो दुसरीनं पाहिला. रात्री एकदा उलटी झाली. चार्टवर उलटीच्या रकान्याशेजारी मी पेननं नवा रकाना आखला आणि त्यात दर चार तासांनी त्यानं दाखवलेला चेहरा लिहिला : तीन, तीन, दोन, दोन.

घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी, त्या ७२ तासांच्या सुमारास, मीच फोन केला. आई म्हणाली, मळमळ आहे, पण पाणी टिकतंय, सकाळी थोडं जेवला. बद्धकोष्ठता झाली होती, ऑनडान्सेट्रॉननं होते, त्याचं औषध डॉक्टरांना विचारून सांगितलं.

चौथ्या सायकलीला वॉर्डाच्या दाराशी त्याचा चेहरा पुन्हा पांढरा पडलाच. खाटेवर बसल्यावर त्यानं आधी हात पुढे करून चेहऱ्यांचा कागद मागितला आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. मी सिरिंज खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि विचारलं, "पांढरं कोण घेणार?"