दहावं वचन कोण वाचणार?

माझं माहेर प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक. तारणाविषयीचा, म्हणजे पापातून सुटका विश्वासानं होते की कर्मांनी हा, ख्रिस्ती वाद मला पुस्तकांत शोधावा लागत नाही, तो घरी जेवायला येतो.

माहेरच्या मंडळीत ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला विचारतात, "तुमचं तारण झालंय का?" उत्तर भूतकाळात द्यायचं असतं, जमल्यास तारखेसकट. सासरी हा प्रश्न कुणाला सुचतच नाही. सासूबाईंना विचारलंत तर म्हणतील, "ते देव ठरवील, तुम्ही आधी प्रार्थनेला बसा." कन्फेशनला (पाद्रीपुढे पापांची कबुली द्यायला) गेलीस का, एवढंच त्या विचारतात.

दादा आणि भाऊजी एकत्र आले की पुढचं ठरलेलं आहे. दादा इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं आठवं-नववं वचन म्हणतो: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी नाही, म्हणजे कुणी फुशारकी मारायला नको. भाऊजी याकोबाच्या पत्रातलं २:२४ काढतात: माणूस केवळ विश्वासानं नव्हे, तर कृतींनी नीतिमान ठरतो. दोघांचं पाठांतर चोख. मग दोघेही तेच पुन्हा म्हणतात, फक्त जरा मोठ्यानं.

माझी तक्रार अशी की दोघेही आपल्या वचनापाशी थांबतात. इफिस २ मध्ये नवव्यानंतर दहावं वचन आहे. आपण देवाची हस्तकृती आहोत, ख्रिस्तामध्ये सत्कृत्यांसाठी निर्माण झालेले आहोत आणि ती सत्कृत्यं देवानं आधीच तयार करून ठेवली आहेत, असं त्या पत्राचा लेखक पौल तिथं म्हणतो. विचार एकच आहे. माहेरच्या उपदेशांत मी आठवं-नववं असंख्य वेळा ऐकलंय. दहाव्यावर बेतलेला उपदेश आठवायचा तर बराच वेळ लागतो. याकोबाचंही तेच. तो नक्की कुणावर चिडलाय हे भाऊजी कधी सांगत नाहीत. उघड्या, उपाशी भावाबहिणीला "सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर जेवा" म्हणून वाटेला लावणाऱ्यावर तो चिडलाय. असला विश्वास भुतांकडेही असतो आणि ती निदान थरथर तरी कापतात, हा त्याचा टोमणा एकोणिसाव्या वचनात आहे.

दोघांचा साक्षीदार मात्र एकच, अब्राहाम. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. उत्पत्ती १५:६ म्हणते की अब्राहामानं परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या बाजूनं नीतिमत्त्व असा गणला गेला. पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात हे वचन घेतो आणि वकिलासारखा एकच प्रश्न विचारतो: हे सुंतेच्या, म्हणजे देवानं नेमून दिलेल्या विधीच्या, आधी घडलं की नंतर? उत्तर मूळ ग्रंथात वयासकट आहे. सोळाव्या अध्यायाच्या शेवटी इश्माएल जन्मतो तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा आहे, सतराव्यात सुंता होते तेव्हा ९९ वर्षांचा. पंधरावा अध्याय या दोन्हींच्या आधीचा. म्हणजे नीतिमान ठरल्यावर किमान १३ वर्षं हा माणूस बेसुंती होता. पौलाचा सगळा युक्तिवाद या १३ वर्षांवर उभा आहे, आणि मला तो आजवर कुणी पाडलेला दिसला नाही.

याकोब तेच १५:६ घेतो, पण बाविसाव्या अध्यायात जाऊन उभा राहतो. इसहाक जन्मला तेव्हा बाप शंभरीचा होता, आणि वेदीकडे निघताना मुलगा लाकडं वाहण्याइतका मोठा झालाय. पंधराव्या अध्यायातलं वचन इथं "पूर्ण झालं" असं याकोब म्हणतो. पौल पहिल्या दिवसाबद्दल बोलतोय आणि याकोब त्या दिवसाचं पुढं काय झालं याबद्दल. एवढ्यानं दोघांची शंभर टक्के गाठ पडते असा माझा दावा नाही. "केवळ विश्वासानं नव्हे" हे शब्द पत्रात आहेत आणि ते बोचायचेच. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरला बोचले. १५२२च्या आपल्या नव्या कराराच्या जर्मन भाषांतराच्या प्रस्तावनेत त्यानं याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं. पुढच्या आवृत्त्यांतून ते वाक्य गेलं, पण इब्री, यहूदा आणि प्रकटीकरण या पुस्तकांबरोबर याकोबाला त्यानं शेवटच्या बाकावर बसवलं ते बसवलंच.

हे दादाला तोंडपाठ आहे. त्याच ल्यूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना मात्र त्यानं वाचलेली नाही. सत्कृत्यं करावीत का असं विश्वास विचारत बसत नाही, विचारायच्या आधीच करून मोकळा होतो, असं ल्यूथर तिथं म्हणतो. याकोबाला यात कुठं हरकत घेता आली असती मला दिसत नाही. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत ही प्रस्तावना वाचली जात असताना मेथॉडिस्ट पंथाच्या संस्थापकाला, जॉन वेस्लीला, आपलं तारण झाल्याची खात्री पटली, आणि पुढे जन्मभर त्यानं पवित्र जीवनाचा आग्रह धरला.

भाऊजींच्या बाजूलाही हीच गत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं जानेवारी १५४७ मध्ये या विषयावर जो निर्णय दिला, त्यातलं नववं कलम "केवळ विश्वास" नाकारतं, एवढं त्यांना ठाऊक असतं. पहिलं कलम कुणी उघडत नाही. ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, निव्वळ स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरता येतं असं म्हणणाऱ्याला ते शाप देतं. कॅथलिक लोक कर्मांनी तारण विकत घेतात, हे माहेरी मी लहानपणापासून ऐकत आले. ट्रेंटच्याच भाषेत तसं मानणारा शापित आहे.

खरा फरक आणखी आत आहे, चोविसाव्या कलमात. सत्कृत्यं ही केवळ मिळालेल्या नीतिमत्त्वाची फळं आणि खुणा आहेत, ते वाढायला कारण होत नाहीत, हे मत ट्रेंटला मान्य नाही. प्रोटेस्टंट म्हणतात, फळंच. फळांनी झाडाला झाडपण येत नाही. भांडायचं तर इथं भांडावं. इथं मी माहेरच्या बाजूला आहे, आणि सासूबाईंना ते ठाऊक आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघानं संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, पवित्र आत्मा देतो, आणि तो आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, असं दोघांनी मिळून म्हटलं. मेथॉडिस्ट २००६ला आले, रिफॉर्म्ड चर्चेस २०१७ला. सगळं मिटलं नाही, पण सोळाव्या शतकातले शाप आता या मांडणीला लागू नाहीत एवढं ठरलं. घरातल्या वादात याचा उल्लेख मी केला तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच नाराज झाल्या.

मला स्वतःला अडतं ते वेगळ्याच जागी. मिळालेलं तारण जातं का? योहान १०:२८ म्हणतं, माझ्या हातातून त्यांना कुणी हिसकावून घेणार नाही. इब्री ६:४-६ म्हणतं, ज्यांना प्रकाश मिळाला, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि तरी पडले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे. जे पडले ते मुळात आपले नव्हतेच, असं सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतले लोक १ योहान २:१९चा आधार घेऊन म्हणतात. डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या बाजूचे विचारतात, जे घडूच शकत नाही त्याची ताकीद कशाला? १६१८-१९ला नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेनं पहिल्या बाजूनं निकाल दिला. पण आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१०मध्ये दिलेलं निवेदन मला जास्त प्रामाणिक वाटतं. त्याच्या पाचव्या कलमात त्यांनी सरळ लिहिलं की हे शास्त्रातून अजून नीट तपासायला हवं. धर्मशास्त्राच्या अधिकृत कागदावर असं वाक्य दुर्मीळच. (पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत, असं तर पेत्राच्या दुसऱ्या पत्रातच लिहिलंय. मग आपली काय कथा?)

आमच्या बायबल अभ्यासात एक बाई आहेत. इब्री सहावा वाचल्यापासून त्यांची झोप उडालेली. कुठल्यातरी जुन्या पापापायी आपण कायमच्या बाहेर पडलो, या भीतीनं. आणि एक गृहस्थ आहेत, बहिणीचा वाटा दाबून बसलेले. ते योहान १०:२८ म्हणतात आणि शांत झोपतात. म्हणजे ज्याच्यासाठी जे वचन नाही, तेच त्यानं उशाशी घेतलंय. बाईंना मी इब्री सहाव्यातल्या नवव्या वचनापर्यंत वाचायला लावलं. तिथं लेखक "प्रियजनहो" म्हणतो आणि तुमच्याबाबत आमची याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे असं सांगतो. गृहस्थांसाठी मत्तय ७:२१ आहे: 'प्रभू, प्रभू' म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही. ते त्यांच्यापुढे ठेवलं तर म्हणाले, हे परूश्यांसाठी (येशूशी वाद घालणाऱ्या यहुदी धर्मनिष्ठांसाठी) आहे.

गेल्या खेपेला दादानं हुकमाचं पान काढलं: येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर. बाप्तिस्मा नाही, दानधर्म नाही, आज्ञापालनाला सवड नाही, तरी "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील."

"हात खिळलेले असताना जेवढं करता येतं तेवढं सगळं केलं त्यानं," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्याला दटावलं, आपला गुन्हा कबूल केला, येशूला हाक मारली."

"पण त्यामुळे तो तरला नाही," दादा म्हणाला.

"मी कुठं तसं म्हणाले? कृपा झाली म्हणून तर तोंड उघडलं त्यानं."

दादानं लगेच लूक २३ उघडून दाखवलं: चोर बोलतो चाळीस ते बेचाळीस या वचनांत, येशूचं आश्वासन येतं त्रेचाळिसाव्यात, म्हणजे आधी बोलणं, मग तारण. भाऊजी हसायला लागले तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की हा मुद्दा तो त्यांच्याच बाजूनं मांडतोय.