बाबांना परत पुण्याला का पाठवलं

‘पुण्यातला फ्लॅट विकून आम्हीही गोव्यात यावं का?’ असं विचारणारे शेवटी आवाज उतरवून म्हणतात, ‘पण मग तुमचे बाबा परत का गेले?’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

२०१९ मध्ये कोथरूड सोडलं ते बाबांच्या दम्यासाठी. पुण्याची थंडी त्यांना सोसत नव्हती. म्हापशाजवळ कौलारू घर भाड्याने घेतलं. पहिल्या हिवाळ्यात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की बाबा स्वतः चढ चढून पाव आणायचे, मध्ये न थांबता. ते दिवस खोटे नव्हते.

मी थंडीचा विचार केला, ओलीचा केला नाही. इथे वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस. जुलैत दारं फुगतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि दमेकऱ्याच्या छातीला तीच बाधते. घरमालकिणीने हे आधीच सांगितलं होतं. मला वाटलं, घर द्यायचं टाळतेय.

मग १६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. समोरचा फणस तारांवर कोसळला, वीज गेली. रात्रीपर्यंत इन्व्हर्टर संपला आणि बाबांचा नेब्युलायझर बंद पडला. कोरोनाचे दिवस, इस्पितळात न्यायची हिंमत होईना. बाबा पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात रोवून बसलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, बोलणं एकेका शब्दावर आलेलं. कोपऱ्यावरच्या बारवाल्याकडे जनरेटर होता. त्यानेच महिन्यापूर्वी मला सुनावलं होतं, तुम्ही भायले, म्हणजे बाहेरचे, येता आणि आमच्या पोरांना भाड्याने घर मिळेनासं होतं. तरी गेले. त्याने शटर वर केलं, टेबलावरची एक खुर्ची खाली घेतली आणि म्हणाला, ‘बाबा, हांगा बसात.’ वीज चौथ्या दिवशी आली. तोवर दर सहा तासांनी बाबांना स्कूटरवर बसवून नेत होते आणि उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांमध्ये बसून ते वाफ घेत होते. त्याने डिझेलचे पैसे घेतले नाहीत. भाड्यांबद्दलचं त्याचं म्हणणं मात्र बरोबरच होतं, आजही आहे.

जून लागण्याआधी भाऊ येऊन बाबांना घेऊन गेला. बाबा ‘राहतो’ म्हणत होते. मीच पाठवलं. तेव्हा वाटलं जबाबदारीने वागले. आता वाटतं, घाबरले होते. कारण डिसेंबरात तिकडेही दम लागतोच.

तुम्ही या किंवा येऊ नका, मला सांगता येत नाही. घर घेणार असाल तर एक-चौदाचा उतारा, म्हणजे इथला सातबारा, आणि त्यावर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून हक्काने राहणाऱ्याचं, नाव आहे का, एवढं बघाच. भातशेतीची जमीन २०२३ च्या कायद्यापासून शेतकरी नसलेल्याला घेता येत नाही. आणि घर जुलैत बघा, डिसेंबरात नको.

काल बाबांचा फोन होता. ‘मागचं दार फुगलं का गं?’ म्हणाले. फुगलंय. अजून तासून घेतलेलं नाही.