चहाने काय होतंय

रविवारची ऑन-कॉल होती. मे महिना, मेंढ्यांची वीण उरकलेली, त्यामुळे निवांत जाईल अशी आशा. दुपारी दीडला फोन आला. एक बाई म्हणाल्या, "शेळी ओकतेय."

मी त्यांना चक्क दुरुस्त करायला गेले. "ओकतेय, की लाळ गाळतेय?"

शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात पहिल्याच वर्षी डोक्यात पक्कं बसवलेलं असतं की रवंथ करणारं जनावर ओकत नाही. कोठीपोटातला घास तोंडात येतो तो चघळायला. साताऱ्याकडे सहा वर्षं नोकरी केली, हजारो शेळ्या हाताखालून गेल्या, पण ओकणारी एकही पाहिली नव्हती. इथे वेल्समध्ये येऊन परत परीक्षा दिली, दहा वर्षं झाली, तरी तो धडा जागचा हलला नव्हता.

"भिंतीवर उडालंय," बाई म्हणाल्या.

काय खाल्लं, हे विचारलं. रोजचंच, म्हणाल्या. वाळलेलं गवत, मूठभर खुराक, पाणी. इथे माझी पहिली चूक झाली. मी "तुम्ही काय घातलंत" असं विचारलं. "त्यांच्या पुढ्यात काय काय आलं" हा प्रश्न वेगळा असतो आणि तो मी विचारला नाही.

स्नोडोनियाच्या डोंगरांच्या पायथ्याचं ते घर आमच्या दवाखान्यापासून पस्तीस मिनिटांवर. एकेरी रस्ता, पाऊस, पुढे ट्रॅक्टर. वाटेत गाडीच्या स्पीकरवर बाईंचा पुन्हा फोन. आता तीन शेळ्यांना सुरू झालं होतं. "आमच्या वडिलांकडे मेंढ्या होत्या. त्या रोडोडेंड्रॉनचा पाला खाऊन आल्या की वडील कडक काळा चहा पाजायचे. पाजू का?"

त्या वाक्यातच निदान होतं. ऐकू आला तो फक्त चहा. माझं लक्ष ट्रॅक्टरवर. मी म्हणाले, "पाजा थोडा. चहाने काय होतंय?"

पोचले तेव्हा पाच पिग्मी शेळ्या, आपल्या उस्मानाबादीपेक्षा बऱ्याच बुटक्या, पिंपासारख्या पोटाच्या, गोठ्याच्या चार कोपऱ्यांत दात खात होत्या. गोठ्याच्या पत्र्यावर खांद्याएवढ्या उंचीवर हिरवे फवारे. मेगन नावाची सगळ्यात लहान शेळी आडवी पडून ओरडत होती. तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. शेळीचे ठोके मिनिटाला सत्तर ते नव्वद असतात. दुखत असेल तर शंभराच्या वर. ही कळवळत होती आणि ठोके अडतीस, तेही अडखळत. वेदना आणि संथ हृदय ही जोडी भेटली की पोटफुगी, आम्लता वगैरे सगळं बाजूला ठेवायचं.

मग मी ओकारीत हात घातला. आमच्या कामातला हा भाग कोणाला सांगितला तर नाक मुरडतात, पण मला त्याचा अभिमान आहे. पानांचे तुकडे बादलीत धुऊन खिडकीच्या काचेवर चिकटवले. इथल्या बागेत शेळीला मारणारी सदाहरित झुडपं चार-पाच तरी असतात आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. यू असेल तर डॉक्टर येईपर्यंत जनावर बहुधा गेलेलंच असतं. चेरी लॉरेल असेल तर सायनाइड, तिथे उपचाराची दिशाच बदलते. रोडोडेंड्रॉनच्या पानाची कड सलग असते. हे पान चामड्यासारखं, टोकाकडे रुंद, आणि कडेला करवतीसारखे बारीक दाते. सोबत सुकलेल्या घंटाफुलांचा एक घोस.

पिअरिस. जपान, तैवान, पूर्व चीनच्या डोंगरांतलं झुडूप. वसंतात पांढऱ्या घंटांचे घोस आणि त्यानंतर लालबुंद कोवळी पालवी, म्हणून इथल्या दर तिसऱ्या बागेत असतं. खत नको, निगा नको, फक्त आम्लयुक्त माती हवी. रोडोडेंड्रॉनचंच कुळ आणि विषही तेच, ग्रायनोटॉक्सिन. पेशींच्या आवरणात सोडियम आत घेणारी दारं असतात, ती हे विष मिटू देत नाही. मज्जातंतू आणि हृदय दोन्ही बेताल होतात. वजनाच्या हजाराव्या भागाएवढी पानंही पुरतात असं वाचलेलं. पंचवीस किलोच्या शेळीला पंचवीस ग्रॅम, म्हणजे एक मूठ.

उतारा नाही. अ‍ॅट्रोपिनने ठोके वर आणायचे, सलाईन लावायचं आणि पोटातलं विष कोळशाला धरून ठेवायला लावायचं. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, किलोला दोन ग्रॅम, पाण्यात कालवून, नळीने. नळी घालताना मी कधीच घाई करत नाही. नाकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत माप घ्यायचं, नळीवर खूण करायची, जबड्यात अडणी ठेवायची, गिळण्याच्या क्षणी सरकवायची. मग दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकायचं आणि डाव्या कुशीवर कान देणाऱ्याला विचारायचं, बुडबुडे ऐकू येतात का? कोठीपोटाचा आंबट वास आला की जागा बरोबर. श्वासाबरोबर नळीतून हवा आत-बाहेर झाली की बाहेर काढायची, पुन्हा पहिल्यापासून. पाचही शेळ्यांना हे केलं. दोन तास गेले आणि माझा रेनकोट काळा-हिरवा झाला.

दरम्यान बाई कुंपणापाशी जाऊन आल्या. पलीकडच्या बागेतलं झुडूप नीट गोल कापलेलं, आणि अलीकडे उरलेल्या डहाळ्या.

शेजारचे आजोबा पाटीच्या दगडाच्या खाणीतून निवृत्त झालेले, एकटे. शेळ्यांवर जीव. पूर्वी ते पावाचे तुकडे, गाजराची सालं टाकायचे. बाईंनीच त्यांना थांबवलं होतं. 2001 सालच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीनंतर इथे खरकटं जनावरांना घालणं बेकायदा आहे, आणि शेळी कुत्र्यासारखी पाळली तरी कायद्याला ते शेतीचंच जनावर. स्वयंपाकघरातून गेलेलं गाजराचं सालही चालत नाही. नियम का आला हे मला कळतं. पण स्वयंपाकघराबाबत इतका काटेकोर असलेला कायदा रोपवाटिकेच्या दारात येऊन गप्प बसतो. त्या झुडपाची चिठ्ठी अजून बुंध्याला लटकत होती. सदाहरित, निगा कमी, फुलं गेल्यावर छाटा. जनावरांबद्दल एक अक्षर नाही. आजोबांनी लिहिल्याप्रमाणे फुलं गेल्यावर छाटलं होतं.

"घरातलं देऊ नका, बागेतलं चालेल, असं मीच म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. कोळशाने माखलेल्या हाताने त्यांनी तोंड पुसलं.

आमचे सिनियर पिग्मी शेळ्यांना "शिंगवाली कुत्री" म्हणतात आणि असले कॉल शक्यतो माझ्या गळ्यात मारतात. मोठ्या कळपाची बोलावणी त्यांची. दुसऱ्या दिवशी पाचातल्या चार उभ्या राहून चरत होत्या हे सांगितल्यावर ते म्हणाले, "नशीब." नळीबद्दल एक शब्द नाही.

मेगनला मात्र ताप चढला होता, 40.8. श्वास भरभर, नाकाला फेस. छातीच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंना चुरचुर आवाज. ओकारी किंवा दुसरं काहीतरी श्वासनळीतून उतरलं होतं. अँटिबायोटिक, तापाचं इंजेक्शन, सगळं दिलं. मंगळवारी पहाटे गेली.

बाईंनी विचारलं, "चहामुळे का?"

मी म्हणाले, "नाही. या विषात असंच मरण येतं, ओकारी छातीत जाऊन." पुस्तकात तसंच लिहिलंय, खोटं बोलले नाही. पण मेगनलाच त्यांनी पहिल्यांदा आणि सगळ्यात जास्त चहा पाजला होता. मान वर धरून, बाटलीने, अर्धा लिटर. गिळण्याचंही भान नसलेल्या, ओकणाऱ्या शेळीला. बाकीच्या धडपडल्या म्हणून वाचल्या असतील.

हे मला कोणी शिकवायला नको होतं. सातारच्या नोकरीत मी सर्वात जास्त कशावर ओरडले असेन तर पाजण्यावर. म्हैस फुगली की लोक तिची मान उचलून नळकांड्याने गोडेतेल ओततात, तिला ठसका लागतो आणि चौथ्या दिवशी ती न्यूमोनियाने जाते. एका शेतकऱ्याला मी त्याच्या बापासमोर म्हणाले होते, "पोटफुगीने नाही मेली, तुम्ही मारली." किती ताठ मानेने म्हणाले होते. तेल म्हटलं असतं तर मी त्या ट्रॅक्टरमागेही ओरडले असते. चहा म्हटल्यावर आमच्या घरात कोण थांबवतं? चहातलं टॅनिन विषाला धरतं असं इथले जुने मेंढपाळ सांगतात. अल्कलॉइडला थोडंफार धरतही असेल. ग्रायनोटॉक्सिन अल्कलॉइड नाही.

शवविच्छेदन केलं असतं तर? फुप्फुसात चहा सापडला असता, किंवा हिरवा चोथा, किंवा दोन्ही. बाईंनी मागितलं नाही. मी सुचवलं नाही.

त्यांना मेगनला सफरचंदाच्या झाडाखाली पुरायचं होतं. तेही चालत नाही. शेतीचं जनावर म्हटल्यावर परवानाधारक गाडी बोलवावी लागते. गाडी आली तेव्हा आजोबा टोपी हातात घेऊन कुंपणाशी उभे होते. "काय झालं होतं तिला?" त्यांनी मला विचारलं, कारण मी डॉक्टर. बाई माझ्या आधी बोलल्या, "पोटाचं जुनं दुखणं होतं." आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

त्या रात्री वाचत बसले. जपानीत या झुडपाला आसेबी म्हणतात आणि ते तीन चिन्हांनी लिहितात: घोडा, नशा, झाड. नाराच्या बागेतली हरणं याला तोंड लावत नाहीत, म्हणून तिथे ते माजलंय. त्या हरणांना कोणी आपल्या हाताने डहाळ्या आणून घातल्या तर काय होईल, हे कुठे वाचायला मिळालं नाही.

जूनमध्ये बाईंकडे खुरं कापायला गेले. आजोबांचं झुडूप जागेवर आहे, नवी पालवी लालबुंद. बाईंनी कुंपणाला बारीक जाळी ठोकून घेतली आहे. आजोबांना सांगितलं की कोल्ह्यांसाठी.

पाळीव असली तरी शेळ्यांच्या औषधांची नोंदवही पाच वर्षं ठेवावी लागते. त्या दिवशीचं पान मीच भरलं: अ‍ॅट्रोपिन, सलाईन, कोळसा, मात्रा, वेळ, मांसासाठी किती दिवस थांबायचं तेही, जिला कोणी कधी खाणार नाही तिच्याही नावापुढे. आमच्या संगणकावरच्या नोंदीत एक ओळ जास्त आहे. "डॉक्टर पोचण्यापूर्वी मालकाने घरगुती उपाय केला." कोणाला विचारून, ते मी लिहिलेलं नाही.