आधी पाय मोडायचा, मग अक्षर

माझ्या वर्गातली एक अंध मुलगी ऐकलेली गोष्ट कानामात्रेसह सांगते असं मी कौतुकानं म्हणायचे. एकदा तिला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक विचारला, तर ती गप्प. तिचं सगळं वाचन कानानं झालेलं. ऐकताना दोन्ही शब्द सारखेच, मग वेलांटी पहिली की दुसरी हे तिला कळणार कसं? ब्रेलची अक्षरं तिला येत होती, पण वाचायला हाताशी मराठी पुस्तक नव्हतं. म्हटलं, गोष्टींचं एक छोटं छापील पुस्तक आपणच ब्रेलमध्ये करू. आठवड्याभराचं काम वाटलं होतं. चार महिने लागले.

आधी मी स्वतः ब्रेल शिकले. सहा टिंबं, त्यांच्या ६३ जुळण्या. भारतीय भाषांसाठी १९५१ पासून भारती ब्रेल आहे आणि ती उच्चारावर चालते. छपाईत ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या आधी येते, ब्रेलमध्ये ती नंतर. रफारही डोक्यावर चढत नाही, उच्चारात येतो तिथेच येतो. गंमत जोडाक्षरांची: पाय मोडल्याची खूण, म्हणजे चौथं टिंब, अक्षराच्या आधी. ‘प्र’ लिहायचा तर पाय आधी मोडायचा, मग ‘प’, मग ‘र’. हे अंगवळणी पडायला मला पंधरा दिवस लागले.

ब्रेल पाटीवर कागद मागून टोचतात, म्हणून उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं काढायचं. मी उजवीकडून सुरुवात केली, पण अक्षरं सुलटीच टोचली. आमचे ब्रेलचे सर स्वतः अंध आहेत. त्यांनी बोट फिरवलं आणि गंभीरपणे वाचलं, “ठघहघ. बाई, हा कुठला राजा?” मी ‘राजा’च लिहिला होता.

परवानगीची धाकधूक होती, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अपंग वाचकांसाठी, नफा न कमावता, अशी प्रत करू देतो. पुस्तक संगणकातून ब्रेलमध्ये उतरवायचं होतं, आणि खरं घोडं अडलं फाइलपाशी. मजकूर मिळाला तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. पडद्यावर सुरेख मराठी, ब्रेलमध्ये नुसती खिचडी, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांच्या आड इंग्रजी चिन्हं दडलेली असतात. कन्व्हर्टरनं अर्धं सुटलं, उरलेलं मी हातानं टाइप केलं. मराठी प्रकाशकांनी अजूनही त्या फॉन्टना कवटाळून का बसावं, हे मला कळत नाही.

मग चित्रं. एका चित्राखाली मी ‘सुंदर बाग’ असं वर्णन लिहिलं. सर म्हणाले, “सुंदर आहे की नाही ते तिचं ती ठरवेल. बागेत काय आहे ते लिहा.” मग मी झाडं मोजली, झोपाळा लिहिला, झोपाळ्यावर बसलेली मांजर लिहिली. ती मांजर तोवर मलाही दिसली नव्हती!

तपासणी आम्ही दोघांनी मिळून केली. सर बोटांनी वाचत मोठ्यानं म्हणायचे, मी छापील पानावर डोळा ठेवायचे. अशा तीन फेऱ्या झाल्या. ४० पानांच्या पुस्तकाचा जाड कागदावर चांगलं गलेलठ्ठ बाड झालं, दप्तरात मावेना.

मुलीनं पहिलं पान उघडलं. बोट हळू सरकत होतं, मध्येच मागे यायचं. पाचव्या ओळीवर ते थांबलं.

“बाई, ‘पाणी’ची वेलांटी दुसरी ना? इथे पहिली आहे.”

सरांनी पान ओढून बोट फिरवलं आणि हसायला लागले. ‘पाणि’च होतं. मीच टाइप केलेलं, आणि ऐकताना दोन्ही सारखंच, म्हणून तीन फेऱ्यांत सुटलेलं.

“अजून शोधू?” तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता सहाव्या ओळीवर गेली.